ईसीजीवरचा न आलेला हार्ट अटॅक: एका ड्रायव्हरचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला तीन महिने टाळाटाळ केली, कारण यातली एक चूक माझी आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ईसीजीत मात्र काही बदललेलं नाही.

भांडुपला माझा दवाखाना आहे. पंचवीस वर्षं तिथेच बसते. रुग्ण पुरुष, वय ४१, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, एका खाजगी कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर. आमच्याकडे कंपाउंडरपासून सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणते. विडी-सिगारेट नाही, तंबाखू सुटून सहा वर्षं झालेली, शुगर नाही, बीपी काठावर. घरात कुणाला हार्टचा त्रास नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांचा ईसीजी निघाला. हल्लीची मशीन पट्टीबरोबर आपलं मतही छापते. त्या कागदाच्या डोक्यावर छापून आलं होतं: इन्फिरियर इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड. म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीला कधीतरी झटका येऊन गेलाय, केव्हा ते सांगता येत नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि दादांना गाडीवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच राहिला, पण ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा भत्ता गेला. ज्या घरात दोन मुलं शिकतायत तिथे त्याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी काय पाहिलं? दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये (लीड म्हणजे एकेका कोनातून काढलेली ईसीजीची रेघ) क्यू वेव्ह, म्हणजे मुख्य ठोक्याच्या सुरुवातीला खाली उतरलेली रेघ. या तीन लीड हृदयाकडे खालून बघतात. तिथला स्नायू मेला असेल तर तिथे क्यू दिसतो, हे आम्हाला दुसऱ्या वर्षापासून घोकून घेतलेलं. मशीनने तेच म्हटलं होतं, मीही तेच म्हटलं.

मग टूडी इको. पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, सगळ्या भिंती व्यवस्थित हलतायत. खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. मेलेला स्नायू हलत नाही. क्यू पडण्याइतकी खालची भिंत गेली असती, तर इकोत ती आळसावलेली दिसायला हवी होती. पण आपण एकदा एक गोष्ट मानली की पुढचा पुरावा तिच्यात बसवायला लागतो. ‘छोटा झटका असेल’ असं मी स्वतःला समजावलं. स्ट्रेस टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. मनगटातून अँजिओग्राफी झाली, तर तिन्ही रक्तवाहिन्या काचेसारख्या स्वच्छ. त्यावरही उत्तर तयार होतं: गुठळी झाली असेल, आपोआप विरघळली असेल. असं घडतं, त्यामुळे ते खोटं म्हणता येईना. ॲस्पिरिन, ॲटोर्वास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल सुरू झालं. गोळ्यांनी बरं वाटतंय, असं दादा म्हणाले. आम्ही खूश.

त्या तीन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही की छातीत कधी धडधडतं का. त्यांनीही सांगितलं नाही. झटक्यात छातीत दुखतं, धडधड ही वेगळी गोष्ट, अशी त्यांची समजूत. शिवाय एक ठपका लागून गाडी गेलीच होती. दुसरा कोण सांगायला जातो?

नवरात्रातली रात्र

रात्री साडेदहाला वहिनींचा फोन आला. गोळ्या दोन दिवसांपूर्वी संपलेल्या, आणायचं राहून गेलं होतं. ‘मॅडम, ह्यांची छाती शर्टावरून उडताना दिसतेय.’ मी त्यांना रिक्षाने थेट कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये न्यायला सांगितलं आणि स्वतः चालत गेले. रस्त्यावर गरब्याचे स्पीकर चालू होते.

कॅज्युअल्टीत दादा बसून होते, घामाने निथळत, पण बोलत होते. हाताला नाडी मोजता येईना. मॉनिटरवर २०६. बीपी १०४/७०. मी विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, ‘मॅडम, गाडी न्यूट्रलला आहे आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरलाय.’

या आजाराचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मग पाच मिनिटांत तो सगळा इतिहास बाहेर आला, जो मला तीन वर्षांपूर्वीच मिळायला हवा होता. एकोणिसाव्या वर्षी गावात शिमग्याला पालखी नाचवताना पहिल्यांदा झालं. मग वर्षातून दोनदा, चारदा. स्विच टाकावा तसं चालू, स्विच काढावा तसं बंद. हे ‘स्विच’ महत्त्वाचं. भीतीने किंवा तापाने वाढणारी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबणारी धडधड म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी गोल फिरणारा करंट, असा संशय घ्यायचा. आणि बस चालवताना झालं तर? ‘गाडी बाजूला लावायची, इंडिकेटर टाकायचा, बाटलीतलं गार पाणी तोंडावर मारायचं. नाहीच थांबलं तर खाली वाकून बुटाची लेस बांधायची. थांबतं.’ मागे चाळीस माणसं बसलेली असताना हा माणूस स्वतःची व्हेगस नर्व्ह, म्हणजे ठोके मंदावणारी नस, स्वतः चेतवत होता, आणि त्याला किंवा आम्हाला त्याच्या आजाराचं नाव ठाऊक नव्हतं.

ईसीजी काढला. ठोके अरुंद, एकसारखे, अगदी तालात. गारपाणी-वाकणं घरी करून झालं होतं, म्हणून आम्ही त्याची सुधारलेली आवृत्ती केली. १० मिलिची सिरिंज तोंडात द्यायची आणि दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावायचं. फुंकून झालं की लगेच माणसाला आडवं करून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात नुसत्या बसून फुंकण्याने १७ टक्के लोकांची लय जागेवर आली, पाय उचलल्यावर ४३ टक्के. खर्च एका सिरिंजचा. दोनदा केलं. दादांचं थांबलं नाही.

मग ॲडेनोसिन. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपराजवळच्या मोठ्या शिरेत ६ मिलिग्रॅम झटकन आणि पाठोपाठ सलाइनचा जोरदार फ्लश. आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणसाचा विश्वास उडतो. मी म्हणाले, ‘दादा, दहा सेकंद फार वाईट वाटेल. छाती आवळेल, आता सगळं संपलं असं वाटेल. संपत नाही.’ शॉकचं मशीन शेजारी चालू करून ठेवलं आणि सिस्टरना सांगितलं, काही झालं तरी पट्टी चालू ठेवा.

ती पट्टी माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर डावीकडून उजवीकडे असं दिसतं: २०६ ची अरुंद रांग. मग एक शेवटचा ठोका, त्याच्यामागे एक छोटी एकटी पी वेव्ह, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची खूण, आणि पुढे काही नाही. सरळ रेघ. दादांनी डोळे मोठे केले आणि वहिनींचा हात पकडला. अडीच सेकंदांनी पहिला ठोका आला, आणि तो पाहून मी पट्टी हातात घेतली. ठोका रुंद होता, आणि त्याची सुरुवात सरळ नव्हती. घाटाच्या पायथ्याशी रस्ता जसा तिरका होत जातो तशी एक तिरपी, जाडसर रेघ, आणि मग मुख्य ठोका. दुसरा ठोका तसाच. पाचव्या-सहाव्याला ती तिरपी रेघ थोडी आखूड. वीस-पंचवीस सेकंदांत ती बरीच लहान झाली, पण पूर्ण गेली नाही.

आणि एव्हीएफमध्ये? तिथे ती तिरपी रेघ वर न जाता खाली उतरत होती. पहिल्या ठोक्यात क्यू खोल विहिरीसारखा. जसजशी तिरपी रेघ आखडली, तसतसा क्यूही उथळ झाला.

मेलेला स्नायू वीस सेकंदांत थोडा जिवंत होत नाही. तो क्यू नव्हताच. ती डेल्टा वेव्ह होती, उलटी पडलेली. मी घरी जाऊन रात्री दीड वाजता तीन वर्षांपूर्वीची कंपनीची पट्टी फाइलमधून काढली, भिंग घेऊन बसले. पी आणि क्यूआरएस, म्हणजे मुख्य ठोका, यांमधलं अंतर (पीआर) १०० मिलिसेकंद, म्हणजे १२० च्या खाली. ठोक्याच्या पायथ्याला तीच तिरपी रेघ. सगळं तिथेच होतं, लाल रेघेच्या खाली.

चोरवाट

हृदयाचा वरचा मजला म्हणजे दोन कर्णिका, खालचा म्हणजे दोन जवनिका. दोन्ही मजल्यांच्या मधे तंतूंचा एक पडदा असतो, ज्यातून वीज जात नाही. करंट वरून खाली उतरायला एकच अधिकृत जिना आहे, एव्ही नोड. हा नोड मुद्दाम आळशी केलेला आहे. तो प्रत्येक ठोका एक दशांश सेकंदाच्या आसपास अडवून ठेवतो, म्हणजे वरच्या कप्प्यांना खालचे भरायला वेळ मिळतो. वरून फार गर्दी आली तर हाच नोड बरीचशी परत पाठवतो. लोकलच्या जिन्यावर उभा राहून गर्दी सोडणारा पोलीस म्हणा.

गर्भात सुरुवातीला वरचा आणि खालचा स्नायू सलग असतो. मधला पडदा नंतर तयार होतो आणि तो सलगपणा तोडतो. काही जणांत स्नायूचा एखादा धागा तुटायचा राहून जातो. तो धागा म्हणजे चोरवाट. त्यावर पोलीस नाही. करंट नोडवर थांबलेला असतानाच चोरवाटेने खाली पोचतो आणि जवनिकेचा एक कोपरा आधी पेटवतो. ही लवकर सुरू झालेली तिरपी रेघ म्हणजे डेल्टा. दादांची चोरवाट मागे आणि खाली, मधल्या भिंतीजवळ होती. तिथून करंट खालून वर निघतो, म्हणजे खालून बघणाऱ्या लीडपासून लांब जातो आणि त्यांना तो उलटा दिसतो. मशीनने जो झटका म्हटला तो हा. स्ट्रेस टेस्टही याच कारणाने फसली. चोरवाट असताना ईसीजीतली एसटी, म्हणजे मुख्य ठोक्यानंतरची रेघ, खाली गेली तरी तिचा अर्थ लावता येत नाही.

ॲडेनोसिनने फक्त नोडला झोपवलं. म्हणून त्या पहिल्या ठोक्यांत सगळा करंट चोरवाटेनेच उतरला आणि डेल्टा एवढी मोठी दिसली. नोड जागा झाला, तशी ती लहान झाली.

धडधड होताना उलटा प्रकार होतो. करंट जिन्याने खाली उतरतो, चोरवाटेने वर चढतो, पुन्हा जिन्याने खाली. गोल गोल, मिनिटाला २०६ वेळा. नोड या वर्तुळाचाच भाग असल्याने नोडला क्षणभर अडवलं की वर्तुळ तुटतं. गार पाणी, लेस, सिरिंज, ॲडेनोसिन या सगळ्यांचं काम तेवढंच.

बोस्टनचे वुल्फ आणि व्हाइट, लंडनचे पार्किन्सन यांनी १९३० मध्ये असे ११ तरुण, एरवी धडधाकट रुग्ण नोंदवले. तेव्हापासून तिघांच्या आद्याक्षरांनी याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. हे फार दुर्मिळही नाही. हजारात एक ते तीन लोकांच्या ईसीजीवर डेल्टा सापडते, म्हणजे भांडुपमध्येच ती कित्येकांच्या फाइलीत पडून असणार.

इथपर्यंत हा आजार त्रासदायक, पण जीवघेणा वाटत नाही. जीवघेणा तो दुसऱ्या एका प्रसंगात होतो, आणि इतर डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांनी एवढा भाग तरी वाचावा. वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बेताल थरथर, झालं की तिथून मिनिटाला ३५० च्या वर ठोके येतात. साध्या माणसात नोड त्यातले बहुतेक अडवतो. चोरवाट अडवत नाही. ती चपळ असेल तर खालचे कप्पे मिनिटाला २५० च्या पुढे धावतात आणि त्यातून व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊ शकतं, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. ईसीजीवर रुंद, वेडावाकडा, अतिवेगवान ताल दिसतो, आणि प्रत्येक ठोक्याची रुंदी वेगळी. अशा वेळी नोडला झोपवणारी औषधं, व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, बीटा ब्लॉकर, शिरेतून द्यायची नाहीत. तुम्ही जिन्यावरचा पोलीस हटवता आणि सगळी गर्दी चोरवाटेवर सोडता. बीपी पडलं असेल तर शॉक. स्थिर असेल तर प्रोकेनामाइड किंवा आयब्युटिलाइड, आणि तेही नसेल तर पुन्हा शॉकच.

दादांना मी त्याच रात्री एका कार्डावर मराठीत लिहून दिलं: ‘माझ्या हृदयात जास्तीची वाट आहे. व्हेरापॅमिल देऊ नका.’ त्यांनी ते लायसन्सच्या मागे ठेवलं.

‘चांगलं चाललेलं हृदय जाळायचं कशाला?’

दादांना मी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे पाठवलं. हे हृदयाचे इलेक्ट्रिशियन. हृदयरोगतज्ज्ञ म्हटलं की लोकांना प्लंबर आठवतो, नळ्या उघडणारा. वायरिंगवाले वेगळे असतात.

त्यांनी सुचवलं रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन. वहिनी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. ‘मॅडम, ते म्हणतात आत जाऊन जाळणार. चांगलं चाललेलं हृदय जाळायचं कशाला?’

प्रश्न रास्त होता. हे समजावताना ‘बायपास’ शब्द चुकूनही वापरू नये, हा माझा धडा. चोरवाटेला मी एकदा सहज ‘बायपास रोड’ म्हणाले आणि वहिनींचा चेहरा पांढरा पडला, कारण आपल्याकडे बायपास म्हणजे छाती फाडणं. मग आडवाट म्हणाले, चोरवाट म्हणाले. जाळायचा तो काही मिलिमीटरचा ठिपका. मांडीच्या शिरेतून तार जाते, छातीला सुरी लागत नाही. दहा वर्षं गोळ्या घेऊन धडधड कमी करता येईल, पण चोरवाट जागेवरच राहील, आणि उद्या एट्रियल फिब्रिलेशन झालं तर गोळीचा भरवसा धरता येत नाही. यश साधारण शंभरात पंचाण्णवच्या वर. धोका? दादांची वाट नोडच्या शेजारात असल्याने नोडलाच चटका बसून पेसमेकर लागण्याची शक्यता, शंभरात एकाच्या आसपास. हृदयाच्या भोवती रक्त साठणं, त्याहून क्वचित. काही महिन्यांत वाट परत उघडण्याची शक्यता, शंभरात पाचेक. हे आकडे मी वहिनींना लपवून सांगितले नाहीत. पेसमेकर ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

पैशांचं गणित वेगळं. केशरी रेशनकार्ड, आधार, सोशल वर्करताईंची खिडकी, योजनेतून किती, ट्रस्टकडून किती, घरून किती. कॅथेटर महाग असतात. या धावपळीत पाच आठवडे गेले. तोवर दादा मेटोप्रोलॉलवर होते, ते प्रक्रियेच्या काही दिवस आधी बंद केलं.

एकेकाळी यासाठी छाती खरंच उघडावी लागे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका मच्छीमारावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. तिथून तारेपर्यंत यायला दोन दशकं लागली. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या जॅकमन आणि सहकाऱ्यांनी तारेतून रेडिओलहरी देऊन १६६ पैकी १६४ रुग्णांची चोरवाट बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. मी तेव्हा एमबीबीएसला होते. आमच्या वॉर्डात अशा रुग्णाला गोळ्या देऊन घरी पाठवत.

काचेच्या अलीकडे

ओळखीमुळे मला कॅथलॅबच्या काचेमागे बसायला मिळालं. दादा जागे होते, थोडी गुंगी दिलेली. उजव्या मांडीत भूल देऊन शिरेतून तारा वर गेल्या: एक उजव्या जवनिकेत, एक नोडच्या खालच्या हिस बंडलजवळ, एक कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाचं स्वतःचं वापरलेलं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेत. पडद्यावर एकाखाली एक दहा-बारा रेघा.

आधी वाट किती चपळ आहे ते पाहिलं. पेसिंग करताना, म्हणजे तारेतून कृत्रिम ठोके देताना, एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं. रुंद, वेडेवाकडे ठोके पडद्यावर धावायला लागले. इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टने कॅलिपर लावून सर्वांत जवळचे दोन ठोके मोजले: २२० मिलिसेकंद. २५० किंवा त्याहून कमी म्हणजे धोक्याची वाट. २२० म्हणजे त्या क्षणी मिनिटाला २७० च्या वेगाने. शॉकचे पॅड छातीला आधीच चिकटवलेले होते. दीड-दोन मिनिटांनी ते आपसूक थांबलं. मला मात्र पवईचा चढ, संध्याकाळची गर्दी आणि चाळीस माणसांची बस दिसत होती.

मग शोध. चोरवाट जिथे खाली उतरते तिथे वरच्या आणि खालच्या कप्प्याचा सिग्नल एकमेकांना चिकटलेला दिसतो, आणि खालचा सिग्नल ईसीजीवरच्या डेल्टाच्याही आधी येतो. तशी जागा सापडली, कोरोनरी सायनसच्या तोंडाच्या जरा खाली. ‘ऑन.’ तारेच्या टोकाचं तापमान पडद्यावर चढत गेलं, ५०, ५५. दहाव्या सेकंदाला डेल्टा गेली. सगळे खूश. मिनिटभरात परत आली. वाट भाजली होती, मेली नव्हती.

नंतरची चाळीस मिनिटं कंटाळवाणी होती, आणि कौशल्य त्यातच होतं. तार मिलिमीटरभर वर, मिलिमीटरभर आत. शेवटी टोक कोरोनरी सायनसच्या तोंडाच्या आत गेलं. तिथे शेजारून उजव्या कोरोनरीची फांदी जाते, म्हणून ताकद मुद्दाम कमी ठेवली. नोडचे भलते ठोके दिसले तर तत्क्षणी बंद करायचं, म्हणून टेक्निशियनचं बोट बटणावर. ‘ऑन.’

एक, दोन. तिसरा ठोका अरुंद.

मी एव्हीएफची रेघ बघत होते. क्यू गेला. तीन वर्षं ज्याच्यावर ॲस्पिरिन दिली तो झटका दोन सेकंदांत नाहीसा झाला. आतून दादांचा आवाज आला, ‘झालं का साहेब?’ ‘अजून अर्धा तास पडून राहा, परत येते का बघू.’

अर्ध्या तासाने पुन्हा ॲडेनोसिन दिलं. या वेळी पट्टीवर वरच्या कप्प्यांच्या पी वेव्ह येत राहिल्या, पण खाली एकही ठोका नाही. नर्सिंग होममध्ये त्या रात्री नोड झोपल्यावर सगळं चोरवाटेने उतरलं होतं. आता जिना बंद आणि चोरवाटही बंद. चार सेकंद खालची रेघ सपाट. ती सपाट रेघ बघून एवढं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मग नोड जागा झाला.

मशीनचं पुन्हा एक मत

पाय सरळ ठेवून सहा तास आणि दुसऱ्या दिवशी घरी. जाताना ईसीजी काढला. पीआर १५०, डेल्टा नाही, क्यू नाही. आणि कागदाच्या डोक्यावर मशीनने छापलं: इन्फिरियर इस्केमिया असण्याची शक्यता. म्हणजे खालच्या भिंतीला रक्त कमी पडतंय.

त्याच तीन लीडमध्ये टी वेव्ह, म्हणजे ठोक्यानंतर खालचे कप्पे विसावतानाची लाट, उलट्या होत्या. इतकी वर्षं खालच्या कप्प्यांना चोरवाटेने पेटायची सवय लागलेली असते. वाट बंद केल्यावर ठोका सरळ होतो, पण विश्रांतीचा क्रम जुन्याच सवयीने चालतो. याला कार्डियाक मेमरी म्हणतात. त्यात धोका काही नाही, आठवड्यांत आपोआप जाते. पण कंपनीच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि पुन्हा पेन उचललं. त्यांना दोष देत नाही, तीन वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. मी चार पट्ट्या एकाच पानावर चिकटवल्या: कंपनीची जुनी, धडधड चालू असतानाची, ॲडेनोसिननंतरची आणि नवी. खाली तारखा आणि दोन परिच्छेद. टी वेव्ह सरळ होईपर्यंत आणि वाट परत उघडत नाही ना हे कळेपर्यंत तीन महिने थांबावं, असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं.

ॲस्पिरिन, ॲटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल सगळं बंद केलं. दादांना तीन वर्षं जी ॲसिडिटी होती ती महिनाभरात गेली. तीही आमचीच देणगी.

सातव्या आठवड्याला टी वेव्ह सरळ झाल्या. तीन महिन्यांनी चोवीस तासांचा हॉल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवलेला ईसीजी, केला, त्यातही काही सापडलं नाही. फॉर्म १-अ वर, म्हणजे ड्रायव्हरच्या वैद्यकीय दाखल्यावर, सही झाली आणि दादा परत गाडीवर गेले. मी आता ईसीजी हातात आला की वरची छापील ओळ आधी मागे दुमडते आणि मग पट्टी वाचते. आमच्या कंपाउंडरला ते फार विचित्र वाटतं.

परवा दादा मुलाच्या खोकल्यासाठी आले होते. सातव्या आठवड्याचा ईसीजी, ज्याच्यावर मशीनने पहिल्यांदा ‘नॉर्मल’ छापलं, तो त्यांनी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलाय. बसमध्ये आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या कागदांबरोबर ठेवतात. म्हणाले, ‘मॅडम, पोलिसाने कागद मागितले की हाही देतो. एकाने उलटा धरून बघितला.’